शोधाला पाच वर्षे, सहमतीला तीस

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात उन्हाळ्याची दुपार. विजेची मागणी चढलेली, ३४५ किलोव्होल्टच्या लाइनींच्या तारा उन्हाने आणि भाराने खाली झोळलेल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी क्लीव्हलँड परिसरातली एक लाइन वेळेवर न छाटलेल्या झाडाला टेकली आणि ट्रिप झाली, म्हणजे आपोआप जाळ्यापासून तुटली. अर्ध्या तासाने दुसरी, तिच्यामागून दहा मिनिटांच्या आत तिसरी. तिथल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली त्याआधीच बंद पडली होती आणि ती बंद पडल्याचे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनंतर मात्र काहीच कोणाच्या हातात राहिले नाही. पाहता पाहता डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोरांटो, न्यू यॉर्क अशी शहरे विजेविना झाली. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ६१,८०० मेगावॉटचा भार तुटला.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त चौकशी पथकापुढे पहिलाच प्रश्न साधा होता: आधी काय झाले आणि नंतर काय? पडझडीच्या शेवटच्या टप्प्यात सेकंदा-सेकंदाला लाइनी आणि जनित्रे ट्रिप होत होती. त्यांच्या नोंदी भरपूर होत्या, पण नोंदी करणाऱ्या अनेक यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवलेलीच नव्हती. एका सबस्टेशनची नोंद दुसऱ्या सबस्टेशनच्या नोंदीशेजारी ठेवायची तर आधी दोन्ही घड्याळांचा हिशेब लावायचा. घटनाक्रम उभा करण्यातच तपासनिसांची मोठी शक्ती खर्च झाली. अंतिम अहवालातली अठ्ठाविसावी शिफारस याच डोकेदुखीतून आली: वेळेशी जुळवलेली नोंदणीयंत्रे सक्तीची करा.

खरे तर तसे यंत्र पंधरा वर्षांपूर्वीच तयार झाले होते. त्याच्या दोन जनकांपैकी एक ग्वाल्हेरचे होते, अरुण फडके. यंत्र होते, त्यासाठीचे एक मानकही कागदावर होते. तरीही ते सर्वत्र का बसले नाही आणि पुढे कसे बसले, हा आजच्या ‘स्मार्ट ग्रिड’च्या इतिहासातला फारसा न सांगितला गेलेला भाग आहे.

लाटेतला कोन

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होणारी लाट असते. अमेरिकेत साठ वेळा. एका ग्रिडला जोडलेल्या सगळ्या जनित्रांची लाट एकाच गतीने चालते, पण प्रत्येक ठिकाणी ती एकाच क्षणी माथ्यावर पोहोचत नाही. वीज देणाऱ्या टोकाची लाट थोडी पुढे असते, घेणाऱ्या टोकाची थोडी मागे. हा पुढे-मागेपणा अंशांत मोजतात. लाइनवरून जितकी जास्त वीज वाहते, तितका दोन टोकांमधला कोन मोठा. कोन फारच वाढला की दोन टोके एकमेकांना धरून राहू शकत नाहीत, ग्रिड फाटते. ग्रिडवर किती ताण आहे हे एका आकड्यात सांगायचे असेल, तर तो आकडा म्हणजे हा कोन.

लाटेची उंची आणि कोन मिळून एक राशी मानायची आणि तिच्यावर हिशेब करायचा, ही रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मांडली. तिलाच फेजर म्हणतात. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे अभियंते फेजरवर गणिते करत राहिले, पण दूरदूरच्या दोन ठिकाणांमधला कोन थेट मोजणे त्यांना जमले नाही. कारण घड्याळ. पन्नास हर्ट्झच्या ग्रिडमध्ये घड्याळ नुसते एक मिलिसेकंद चुकले तरी कोन अठरा अंशांनी चुकतो. उपयोगी मोजमाप हवे असेल तर शेकडो किलोमीटरवरच्या दोन घड्याळांत मायक्रोसेकंदांची जुळणी हवी.

ही उणीव भोवली ती ९ नोव्हेंबर १९६५च्या संध्याकाळी. नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातला एक रिले भाराच्या चुकीच्या मर्यादेवर लावलेला होता. त्याने एक लाइन तोडली, तिचा भार शेजारच्या लाइनींवर पडला, त्याही तुटल्या आणि ईशान्य अमेरिकेतल्या व ऑन्टारिओतल्या सुमारे तीन कोटी लोकांची वीज गेली. त्यानंतर नियंत्रण कक्षांत संगणक आले. एमआयटीतल्या फ्रेड श्वेपे यांनी १९७० साली एक पद्धत दिली: मिळतील ती व्होल्टेजची आणि वीजप्रवाहाची मोजमापे गोळा करायची आणि त्यांवरून प्रत्येक ठिकाणचा कोन गणिताने काढायचा. ही पद्धत आजही वापरात आहे. पण तिला लागणारी मोजमापे काही सेकंदांच्या अंतराने, आगेमागे येत. शांत ग्रिडमध्ये ते चालून जाई. ग्रिड कोसळू लागले की गणित पूर्ण होईपर्यंत परिस्थिती पालटलेली असे.

जोडकाम मोठे ठरले

फडके यांनी खरगपूरच्या आयआयटीतून १९५९ मध्ये पदवी घेतली आणि १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएच.डी. केली. सत्तरच्या दशकात ते अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत होते. तिथे त्यांच्यापुढचे काम वेगळेच होते: लाइनचे रक्षण करणारा रिले संगणकावर चालवायचा.

अडचण संगणकाच्या वेगाची होती. तीन तारांच्या लाइनवर बिघाड दहा प्रकारे होऊ शकतो आणि तो कोणता हे ठरवण्यासाठी सहा समीकरणे एकाच वेळी तपासावी लागतात. त्या काळच्या मायक्रोकॉम्प्युटरला ते झेपत नव्हते. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्ल्स फोर्टेस्क्यू यांची १९१८ची पद्धत हाताशी घेतली. तिच्यात तीन तारांच्या लाटांचे तीन सममित घटकांत रूपांतर होते. ते केले की सहा समीकरणांच्या जागी एकच पुरते. १९७७ मध्ये हा रिले शोधनिबंधाच्या रूपाने पुढे आला. त्याच सुमारास, १९७६-७७ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स थॉर्प वर्षभरासाठी या कंपनीत आले आणि फडके-थॉर्प ही जोडी जमली.

रिले चालवताना त्यांच्या लक्षात आले की त्याच्या पोटात एक उपयोगी गोष्ट आपोआप तयार होते आहे. बिघाड शोधण्यासाठी तो व्होल्टेजचा फेजर एका आवर्तनाच्या आत, चांगल्या अचूकतेने मोजत होता. हेच मोजमाप रिलेबाहेर काढले आणि दोन ठिकाणी एकाच क्षणी केले, तर शंभर वर्षे हुलकावणी देणारा कोन थेट हाती येईल. मार्क ॲडमियाक यांच्यासह त्या दोघांचा १९८३ चा शोधनिबंध याच विचाराचा आहे.

‘एकाच क्षणी’ ही अट पुरी करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. कॅनडात मॉन्ट्रियल आणि सेत-इल यांच्यामधला कोन १९८० च्या सुमारास मोजला गेला होता. स्वित्झर्लंडमध्येही असा प्रयोग झाला. पण त्या काळचे रेडिओवरचे आणि उपग्रहांवरचे वेळसंकेत पुरेसे अचूक नव्हते. अमेरिकी सैन्यासाठी उभी राहत असलेली जीपीएस यंत्रणा मायक्रोसेकंदाच्या आतली वेळ देऊ शकत होती. फक्त तिचे उपग्रह तेव्हा मोजकेच होते. ते डोक्यावरून निघून गेले की दुसरा येईपर्यंत वेळ सांभाळायला घड्याळात उत्तम प्रतीचा स्फटिक ठेवावा लागे.

फडके १९८२ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेले. ब्लॅक्सबर्गच्या त्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये पहिले फेजर मेजरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू, तयार झाले. सुरुवातीची यंत्रे बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन, अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर आणि न्यू यॉर्क पॉवर ऑथॉरिटी यांच्या सबस्टेशनांत बसली. १९९१ मध्ये मॅक्रोडाइन कंपनीने ते विक्रीसाठी बनवायला घेतले. निबंधापासून यंत्रापर्यंत पाच वर्षे लागली. पुढची वाट मात्र लांब होती.

कोसाइन कुठे ठेवायचा?

एकाच कंपनीची दहा यंत्रे बसवली तर मानकाची गरज फारशी भासत नाही. दुसरी कंपनी बाजारात उतरली की वाद सुरू होतात. लाटेचा कोन शून्य कधी धरायचा? निसर्ग याचे उत्तर देत नाही. ते ठरवावेच लागते.

हे ठरवणाऱ्या लोकांची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या रिले समितीचे कार्यगट वर्षातून तीनदा भेटतात. वीज कंपन्यांचे, उत्पादकांचे, विद्यापीठांचे लोक एका टेबलाभोवती बसतात. कोणाला या कामाचा वेगळा मोबदला नसतो. मसुदा तयार होतो, तो मतदानाला जातो. किमान ७५ टक्के मतपत्रिका परत आल्या पाहिजेत आणि त्यांतल्या ७५ टक्के बाजूने असल्या पाहिजेत. विरोधी मत देणाऱ्याचा प्रत्येक आक्षेप वाचून त्याला उत्तर द्यावे लागते. हरकती इतक्या बारीक असतात की एका वाक्यातल्या एका क्रियापदावर बैठक संपते: यंत्राने असे ‘करावे’ की ‘केलेच पाहिजे’?

या वाटेने १९९५ मध्ये पहिले मानक आले, आयईईई १३४४. त्याने शून्याचा प्रश्न असा सोडवला: जागतिक प्रमाणवेळेचा सेकंद ज्या क्षणी सुरू होतो, नेमक्या त्या क्षणी लाट माथ्यावर असेल, म्हणजे ती कोसाइन लाट असेल, तर कोन शून्य अंश. त्याच क्षणी ती शून्य ओलांडून वर चढत असेल तर उणे नव्वद. सगळ्या ग्रिडसाठी एकच अदृश्य संदर्भलाट मिळाली, प्रमाणवेळेला बांधलेली. सबस्टेशनांत वेळ पोहोचवणाऱ्या जुन्या संकेतात वर्ष आणि लीप सेकंदाची आगाऊ सूचना यांची भर घालण्याचे कामही याच मानकाने केले.

पुढच्याच वर्षी त्याची गरज दिसली. १० ऑगस्ट १९९६ रोजी पश्चिम अमेरिकेतले ग्रिड हेलकावे खात फाटले. सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. बॉनव्हिलच्या अभियंत्यांनी नंतर तीच घटना आपल्या संगणकातल्या प्रतिरूपावर चालवून पाहिली. प्रतिरूपातले हेलकावे काही सेकंदांत विरून गेले. प्रत्यक्ष नोंदींतले हेलकावे वाढत वाढत जाऊन ग्रिड मोडेपर्यंत थांबले नव्हते. हे दोन आलेख शेजारी शेजारी छापलेले चित्र वीज अभियांत्रिकीत पुढे खूप गाजले. ज्या प्रतिरूपाच्या भरवशावर ग्रिड चालवत होतो तेच चुकीचे आहे, हे एका नजरेत कळत होते. प्रत्यक्ष मोजण्यावाचून गत्यंतर नाही, हे पश्चिम किनाऱ्याला तिथे पटले.

एरवी सारखी, संकटात वेगळी

पीएमयू वाढले तशी १३४४ मधली एक फट उघडी पडली. प्रयोगशाळेत नेमक्या साठ हर्ट्झवर तपासली तर निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे सारखाच कोन दाखवत. वारंवारता साठवरून ढळली की त्यांची उत्तरे वेगळी होत.

कारण समजून घेण्याजोगे आहे. पीएमयू लाटेचा एक तुकडा घेतो, समजा एका आवर्तनाएवढा, आणि त्यावरून कोन काढतो. त्या उत्तरावर वेळेचा शिक्का कोणता मारायचा? तुकड्याच्या सुरुवातीचा, मध्याचा की शेवटचा? वारंवारता नेमकी असेल तर कोन स्थिर राहतो, शिक्का कुठेही मारा. पण पन्नास हर्ट्झच्या ग्रिडवर वारंवारता अर्ध्या हर्ट्झने घसरली, तर संदर्भलाटेच्या तुलनेत कोन सेकंदाला १८० अंशांनी फिरू लागतो. वीस मिलिसेकंदांच्या तुकड्याच्या सुरुवातीचा शिक्का आणि मध्याचा शिक्का यांत दहा मिलिसेकंदांचे अंतर, म्हणजे १.८ अंशांचा फरक. दोन्ही यंत्रे नवी, दोन्ही १३४४ पाळणारी, दोघांची मोजणी आपापल्या परीने बरोबर. आणि हा फरक उगवणार नेमका ग्रिड अडचणीत असताना, जेव्हा मोजमापावर भिस्त ठेवायची असते.

त्यात संदेशांच्या मांडणीचाही घोळ होता. मॅक्रोडाइनची स्वतःची पद्धत, बॉनव्हिलची आणखी वेगळी, १३४४ ची तिसरी. सगळ्यांची माहिती एकत्र करणाऱ्या संगणकाला या साऱ्या बोली शिकवाव्या लागत.

२००३च्या अंधारानंतर या कामाला घाई आली. बॉनव्हिलचे केन मार्टिन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगटाने नवे मानक रचले: आयईईई सी३७.११८-२००५. त्याची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की यंत्राने कोणते गणित वापरावे हे त्याने सांगितले नाही. उत्तर किती चुकलेले चालेल, एवढेच सांगितले. उंचीची चूक आणि कोनाची चूक एकत्र करून एकच आकडा काढायचा आणि तो एक टक्क्यापेक्षा जास्त नसावा. उंची अगदी बरोबर असेल तर एक टक्का म्हणजे कोनात ०.५७ अंश. पन्नास हर्ट्झवर वेळेत सांगायचे तर सुमारे ३२ मायक्रोसेकंद. वरचा १.८ अंशांचा फरक या चाळणीतून जाऊच शकत नव्हता. वारंवारता ढळलेली असतानाही ही अट पाळायची, हे आता लेखी होते. गणित ज्याचे त्याला, उत्तर सर्वांचे एक. कंपन्यांनाही हे सोयीचे होते, कारण आपली गुपिते उघड करावी लागत नव्हती.

संदेशाची मांडणीही पक्की झाली. प्रत्येक संदेशाची सुरुवात ठरलेल्या एकाच खुणेने. मग १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो आकडा, मग सेकंदाचा अपूर्णांक, घड्याळ किती भरवशाचे आहे याची खूण, मोजमापे, आणि शेवटी वाटेत काही बिघडले का हे पडताळणारी बेरीज. सेकंदाला अनेक वेळा, दिवसरात्र, हा संदेश निघतो.

एक गोष्ट मात्र कार्यगटाने मुद्दाम मागे ठेवली. ग्रिड वेगाने बदलत असताना, म्हणजे हेलकाव्यांत आणि झटक्यांत, यंत्राने किती अचूक राहावे यावर एकमत होईना. रक्षणाचे काम करणाऱ्यांना उत्तर लवकर हवे होते, विश्लेषण करणाऱ्यांना ते स्वच्छ हवे होते, आणि दोन्ही एकाच यंत्राला साधत नव्हते. मग तो भाग परिशिष्टात माहितीपुरता ठेवला आणि स्थिर अवस्थेच्या अटी तेवढ्या छापल्या. हा शहाणपणा होता. सगळे ठरेपर्यंत थांबले असते तर काहीच छापले गेले नसते.

राजकारण आत येते

१९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत ऊर्जाविषयक एक मोठा कायदा झाला. त्याच्या कलम १३०५ ने स्मार्ट ग्रिडच्या मानकांचा मेळ घालण्याची जबाबदारी वजनमापांची राष्ट्रीय संस्था असलेल्या एनआयएसटीवर टाकली. दीड वर्ष फारशी हालचाल नव्हती. मग २००९ च्या मंदीत ओबामा सरकारने अर्थव्यवस्थेला उठवण्यासाठी पैसा ओतला, त्यातले साडेचार अब्ज डॉलर वीजजाळ्यासाठी होते, आणि अचानक सगळ्यांना मानक हवेसे झाले. सरकारी पैशाने आज बसवलेले मीटर आणि पीएमयू उद्या एकमेकांशी बोलू शकले नाहीत तर? मे २००९ मध्ये ऊर्जामंत्री स्टीव्हन चू आणि वाणिज्यमंत्री गॅरी लॉक यांनी उद्योगातल्या वरिष्ठांना वॉशिंग्टनमध्ये बोलावून घेतले. एनआयएसटीचे जॉर्ज अर्नोल्ड या कामाचे राष्ट्रीय समन्वयक होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा पहिला आराखडा आला. कुठे मानके नाहीत, कुठे दोन मानके एकमेकांना छेदतात, याची यादी करून प्रत्येकासाठी कृती आराखडा आखला गेला.

त्यांतला तेरावा कृती आराखडा फेजरचा होता. भांडण दोन संस्थांच्या दोन मानकांचे. आयईईईचे सी३७.११८ अमेरिकेत रुजलेले. दुसरीकडे जिनिव्हाची आयईसी, आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग, १९०६ मध्ये लंडनला स्थापन झालेली, लॉर्ड केल्व्हिन तिचे पहिले अध्यक्ष. आयईसीचे ६१८५० हे सबस्टेशनांतल्या यंत्रांच्या संवादाचे मानक युरोपात पसरलेले. एकीकडे व्यक्ती मत देतात, दुसरीकडे देशांच्या राष्ट्रीय समित्या. दोघांच्या चालीरीती वेगळ्या, अभिमान वेगळे.

तोड निघाली ती मानकाचे दोन तुकडे करून. मोजायचे कसे हा एक भाग, पाठवायचे कसे हा दुसरा. मोजण्यात भांडण नव्हते, तिथे दोन्ही संस्था एकत्र येऊ शकत होत्या. पाठवण्याच्या बाबतीत आयईईईने आपली पद्धत ठेवली आणि आयईसीने २०१२ मध्ये ६१८५० ला फेजरसाठी पुरवणी जोडली. २०११ मध्ये मोजमापाचा भाग सुधारून आला तेव्हा सहा वर्षांपूर्वी मागे ठेवलेला प्रश्नही सुटला. लवकर हवे की स्वच्छ, यात एकाला जिंकवण्याऐवजी दोन वर्ग केले: रक्षणासाठी पी, मोजमापासाठी एम. हेलकावे, वारंवारतेचा सततचा चढ-उतार, अचानक झटका, सगळ्यांच्या चाचण्या लिहिल्या गेल्या.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. वारंवारता किती वेगाने बदलते आहे, याच्या मोजमापावर २०११ च्या मानकाने घातलेल्या मर्यादा इतक्या कडक होत्या की प्रत्यक्ष यंत्रांना त्या पाळता येईनात. २०१४ मध्ये दुरुस्ती काढून त्यांतल्या काही सैल केल्या, काही तूर्त उठवल्या. सरकारी सक्तीचा मार्गही खुंटला. अमेरिकेच्या संघीय वीज नियामक आयोगापुढे आयईसीची पाच मानके ठेवली गेली होती. जुलै २०११ मध्ये आयोगाने निर्णय दिला की पुरेसे एकमत दिसत नाही, म्हणून आम्ही ती नियमात आणणार नाही. म्हणजे मानके पाळायची ती गरजेपोटी आणि खरेदीच्या अटींपोटी. कायद्याच्या धाकाने नव्हे.

गरज आणि पैसा यांनी मात्र काम केले. २००९ मध्ये अमेरिकेत दोनशेहून कमी पीएमयू होते, पाच वर्षांत ते हजारावर गेले. आणि २०१८ च्या डिसेंबरात मोजमापाचे मानक आयईसी आणि आयईईई या दोघांच्या संयुक्त मोहरेने प्रसिद्ध झाले. ब्लॅक्सबर्गच्या पहिल्या यंत्राला तेव्हा तीस वर्षे झाली होती. फडके आणि थॉर्प यांना त्यांच्या कामासाठी २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले होते; थॉर्प यांचे निधन मानक आले त्याच वर्षी झाले.

बीना-ग्वाल्हेर लाइन

भारतात पीएमयू प्रायोगिक स्वरूपात आले ते २०१० मध्ये, उत्तर विभागात, मोजक्याच ठिकाणी. दोन वर्षांनी त्यांची परीक्षा झाली. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे दोन वाजून तेहेतीस मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली. लाइनवर बिघाड नव्हता. भार इतका होता की रिलेने त्यालाच बिघाड समजून लाइन तोडली. तिच्यामागोमाग उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच लाइन पुन्हा ट्रिप झाली आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिडे गेली. साठ कोटींच्या आसपास लोक ज्या भागात राहतात, तो सारा भाग विजेविना. जगातली तोवरची सर्वांत मोठी वीजखंडितता.

चौकशी समितीच्या अहवालात पीएमयूंच्या नोंदींचे आलेख आहेत. दोन विभागांमधला कोन कसा वाढत गेला आणि वारंवारता कुठल्या क्षणी दुभंगली, हे त्यांतून वाचता येते. समितीने देशभर अशी यंत्रणा उभारण्याची शिफारस केली. पॉवरग्रिड या वीजवाहिन्यांच्या सरकारी कंपनीने युनिफाइड रिअल टाइम डायनॅमिक स्टेट मेजरमेंट हा प्रकल्प हाती घेतला. हजाराहून अधिक पीएमयू, सी३७.११८ च्या मापाने. त्यांच्या माहितीचे विश्लेषण करणारी सॉफ्टवेअरे पॉवरग्रिडबरोबर पवईच्या आयआयटी मुंबईने विकसित केली. लाइनीचे गुणधर्म प्रत्यक्ष मोजमापांवरून काढणे आणि कोणता रिले भाराला बिघाड समजण्याच्या बेतात आहे हे आधी ओळखणे, ही त्यांतली कामे. बीना-ग्वाल्हेरचा धडा थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरला म्हणायला हरकत नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड बाकी देशाशी जोडले गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लाट. जगातल्या सर्वांत मोठ्या समकालिक ग्रिडांपैकी हे एक. इतक्या लांबरुंद जाळ्यात हेलकावे उठणारच, आणि ते पाहायचे तर सेकंदाला पंचवीस वेळा येणारी ही मोजमापेच हवीत.

प्रश्न इथेच मिटत नाही. सौर आणि पवनविजेचा वाटा वाढतो आहे. जुन्या जनित्रांचे जड चाक वारंवारतेला एकदम घसरू देत नसे. नव्या इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टरांत ते चाक नाही. त्यामुळे वारंवारता किती वेगाने बदलते, हेच मोजमाप उद्या सर्वांत कळीचे ठरणार. २०१४ मध्ये सैल केलेला भाग तोच. म्हणजे मानक पुन्हा उघडले जाणार, मसुदे पुन्हा फिरणार, एकेका मर्यादेवर बैठका पुन्हा झडणार.

तेव्हा त्या टेबलाशी भारतीय ग्रिडचा अनुभव किती वजनाने मांडला जातो, हे पाहायला हवे. भारत भारतीय मानक ब्युरोमार्फत आयईसीचा सभासद आहे, तिथे आपल्याला मत आहे. पण मताला वजन येते ते नोंदींनी. १९९६ मध्ये बॉनव्हिलच्या दोन आलेखांनी जे केले, ते कुठल्याही भाषणाने झाले नसते. पन्नास हर्ट्झच्या, सौरविजेने भरत चाललेल्या अवाढव्य ग्रिडच्या अशा नोंदी आज आपल्या विभागीय भारप्रेषण केंद्रांत रोज साठत आहेत. त्या वेळेवर मांडल्या नाहीत, तर मर्यादा दुसऱ्या कुणाच्या ग्रिडकडे पाहून ठरतील आणि निविदेत आपण त्याच लिहू.